नऊ नंबरच्या बाई

अहवाल एकंदर चौतीस होते. एकविसाव्या अहवालाच्या तिसऱ्या पानावर त्याला त्याची बहीण भेटली.

नाव नव्हतं. नावं लिहायची नाहीत हा त्याचाच नियम. ज्याचं निरीक्षण करायचं त्याला खोलीच्या नंबरानं ओळखायचं, म्हणजे उगाच कुणाची अब्रू चव्हाट्यावर येत नाही, असं तो दरवर्षी पहिल्या तासाला सांगे. त्याप्रमाणे तिथं स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं : 'खोली नंबर नऊ. स्त्री. वय अंदाजे सत्तर. अविवाहित. पूर्वीचा व्यवसाय : इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालणे, एकतीस वर्षे. कुटुंब : एक धाकटा भाऊ. भेटीस येत नाही. भाऊ काय करतो असे विचारता म्हणाल्या, खेळायला शिकवतो, मोठ्या मोठ्या मुलांना. स्मृतिभ्रंशामुळे ही माहिती विश्वसनीय धरलेली नाही.' त्यानं लाल पेन्सिल खाली ठेवली. ती घरंगळत टेबलाच्या कडेपर्यंत गेली आणि खाली पडली, पण ती उचलायला वाकावं असं त्याला वाटलं नाही. शिक्षकांच्या खोलीत दुपारची सुस्ती होती. कोपऱ्यात क्रीडाशिक्षक व्हॉलीबॉलच्या जाळीच्या गाठी सोडवत स्वतःशीच पुटपुटत होता, भूगोलाच्या बाई डबा धुऊन आल्या होत्या आणि ओले हात हवेत हलवत होत्या. कुणालाही काही झालं नव्हतं. त्यानं ते वाक्य पुन्हा वाचलं. 'विश्वसनीय' या शब्दाचं शुद्धलेखन बरोबर होतं. बहुतेक मुलं तो चुकवतात.

कॉलेजात त्याला फुरसतसर म्हणत. विभागाचं नाव लांबलचक होतं, मनोरंजन, उद्यान आणि फुरसत अभ्यास. ते म्हणता म्हणता दम लागतो म्हणून सगळेच त्याला फुरसत विभाग म्हणत. सत्तावीस वर्षांपूर्वी तो सुरू झाला तेव्हा त्याच्या सासऱ्यांनी, "फुरसत शिकायला कॉलेज कशाला हवं? आमचा धाकटा तर जन्मजात पदवीधर आहे," असं म्हणून भर बैठकीत हशा पिकवला होता. त्या हशात तोही हसला होता आणि मग घरी येऊन रात्रभर तळमळला होता. त्यानं तो विभाग विटेवर वीट ठेवून उभा केला. बागेत बाक कुठं टाकावा म्हणजे बसणाऱ्याला पाठीमागून कुणी येण्याची धास्ती वाटत नाही, झोपाळ्यापासून वाट किती हात लांब असावी, पोहण्याच्या तलावाशी भित्र्या माणसाला पहिल्या दिवशी फक्त पाय बुडवून का बसू द्यावं, बारीकसारीक गोष्टी. त्याची मुलं बागांमध्ये, क्लबांमध्ये, इस्पितळांत, वृद्धाश्रमांत नोकऱ्यांना लागली. आणि त्यानं एक पुस्तक लिहिलं होतं. त्यातली त्रिसूत्री मुलं पाढ्यासारखी म्हणत : जे करण्याची सक्ती नाही, ज्यातून काही निपजत नाही, आणि जे थांबवलं तर कुणाचं अडत नाही, ती फुरसत. या तिन्हींतलं एक जरी चुकलं तरी ते काम. हे वाक्य सुचलं तेव्हा तो तिशीत होता आणि आपण जगाला काहीतरी दिलं अशा आनंदात घरभर येरझारा घालत होता. ताईला त्यानं ते फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, "छान आहे रे. मला काय कळतंय त्यातलं. पण छान लिहितोस."

अहवाल लिहिणारी मुलगी पहिल्या बाकावर बसायची. वर्गातली पोरं तिला 'घड्याळ' म्हणत, कारण ती कधी उशिरा येत नसे आणि तास संपल्याचं सरांना घंटेआधी तिच्याकडे बघून कळे. कुणाला कुठल्या आश्रमात पाठवायचं ते कार्यालय ठरवी आणि संमतीपत्रं आश्रमातच राहत, त्यामुळे नऊ नंबरचा भाऊ कोण हे तिला कळायचं कारण नव्हतं. तिनं कामात कसूर केली नव्हती. चौथ्या पानावर तक्ता होता. नऊ नंबरच्या बाई दिवसातून दोन-सव्वादोन तास टॉवेलांच्या घड्या घालतात. टॉवेल आश्रमाचे. कर्मचारी ढीग आणून देतात, बाई घड्या घालून परत करतात. कधी कधी कर्मचारी तेच टॉवेल विस्कटून पुन्हा आणून देतात, बाईंना ते कळत नाही. 'सदर कृती त्रिसूत्रीवर तपासली असता सक्तीची नाही असे म्हणता येईल, परंतु तीतून वस्तू निपजते आणि ती थांबल्यास कर्मचाऱ्यांचे अडते. सबब ही फुरसत नसून श्रम आहे. ज्या स्त्रीने जन्मभर श्रम केले तिच्याकडून वृद्धापकाळीही श्रम करवून घेतले जात आहेत.' शिफारस : घड्यांचे काम थांबवावे, त्याऐवजी सामूहिक फुग्याचा खेळ, रंगीत कड्या, संगीत. कुटुंबीयांची लेखी संमती प्राप्त. आणि मग आठवड्यांच्या नोंदी. पहिला आठवडा : हातांची सतत हालचाल, मांडीवरची शाल चुरगाळणे. दुसरा : वारंवार उठून दाराशी जातात, माझी पाळी आहे म्हणतात, समजावून परत बसवावे लागते. तिसरा : उठणे कमी. जेवण निम्मे. चौथा : फुगा दिल्यास परत टाकतात. बोलणे क्वचित. पाचवा : अस्वस्थता पूर्णपणे थांबली. सहभाग उत्तम. उपक्रम यशस्वी.

संमती. ते पत्र त्याला आठवत नव्हतं असं म्हणायची सोय नव्हती, कारण ते त्याला लख्ख आठवत होतं. न वाचता सह्या करायच्या कागदांच्या गठ्ठ्यात ते आलं असतं तर निदान तेवढा तरी आधार राहिला असता. पण ते स्वतंत्र पाकिटातून घरी आलं होतं, त्यानं ते जेवणाच्या टेबलाशी चष्मा लावून वाचलं होतं. 'रहिवाशाकडून यापुढे कोणतेही श्रमाचे काम करवून घेतले जाऊ नये, यास माझी संमती आहे.' बायकोला त्यानं ते मोठ्यानं वाचून दाखवलं होतं आणि म्हणाला होता, "बघ, कुणीतरी डोकं असलेलं माणूस आलंय तिथं." बायको म्हणाली, "पण ताईंना विचारलं का कुणी? तू एकदा जाऊन तर ये." त्यावर तो म्हणाला, "तिला काय विचारायचं? आयुष्यभर राबली, आता तरी निवांत बसू दे." आणि सही केली. शेवटच्या अक्षराला झोकदार शेपूट काढून. त्या घटकेला त्याला वाटलं होतं की आपण तिच्यासाठी काहीतरी केलं. हे आठवलं तेव्हा त्याच्या कानशिलांत ऊन भरलं. कारण त्या सहीच्या मुळाशी दया नव्हती हे त्याला तेव्हाही ठाऊक होतं. तळाशी दुसरंच काही होतं, ओलसर, दडपलेलं, आणि आता झाकण उघडल्यासारखा त्याचा वास येत होता.

लाज होती ती. अकरा महिन्यांपूर्वी तो शेवटचा भेटायला गेला होता तेव्हा ती खिडकीशी बसली होती. त्यानं कोट काढून खुर्चीवर टाकला. त्याच्याकडे न बघता तिनं तो उचलला, बाह्या आत घेतल्या, खांद्याला खांदा जुळवला, हातानं दाबून सुरकुती मोडली आणि चौकोनी घडी त्याच्यापुढे धरून म्हणाली, "झालं. न्या." गिऱ्हाइकाला म्हणावं तसं. शेजारच्या खाटेवरच्या बाईंना भेटायला आलेलं कुटुंब बघत होतं. तो घडी काखेत मारून बाहेर पडला आणि त्यानंतर गेलाच नाही. परीक्षा होत्या, मग अभ्यासदौरा होता, मग पावसाळा होता, मग काहीच नव्हतं. पण ती लाज अकरा महिन्यांची नव्हती. पुस्तक निघालं त्या दिवशी कॉलेजच्या सभागृहात छोटा समारंभ होता. ताई पाळीवरून थेट आली होती, मागच्या रांगेत बसली होती, भाषणांना टाळ्या वाजवत होती. चहापान आटोपलं, लोक गटागटानं उभे राहून बोलू लागले. तिला कुणाशी बोलावं ते कळेना, तेव्हा तिनं टेबलावरचे मळके रुमाल गोळा केले आणि ती उभ्या उभ्या त्यांच्या घड्या घालू लागली. तेव्हाचे प्राचार्य त्याच्याशीच बोलत होते. बोलता बोलता ते तिच्याकडे वळून म्हणाले, "बाई, ते कपही घेऊन जा हो." आणि ताईनं त्याच्याकडे पाहिलं. एकदाच. त्या पाहण्यात तक्रार नव्हती, नुसता प्रश्न होता, सांगू का रे मी कोण ते? तो प्राचार्यांना म्हणाला, "तर मी काय म्हणत होतो..." ताईनं कप उचलले. आठ-दहा कप, एकात एक, न खळखळवता, दारापर्यंत आणि दाराबाहेर.

त्या प्रसंगाबद्दल ती पुढे चकार शब्द बोलली नाही. त्यालाही वाटत गेलं की ती विसरली. माणूस आपल्या सोयीनं दुसऱ्याला विसरायला लावतो, आणि मग एक दिवस ते माणूस खरोखरच सगळं विसरायला लागलं की आपल्याला मनातून, अगदी आतून, सुटल्यासारखं वाटतं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं तेव्हा त्याला वाईट वाटण्याच्या आधी एक क्षण तसं वाटलं होतं. एकच क्षण. पण तो होता.

त्यानं शिपायाकरवी घड्याळला बोलावणं पाठवलं. ती आली, वही छातीशी धरून, आणि खुर्चीच्या कडेवर बसली.

"तुझा अहवाल वाचला," तो म्हणाला.

"काही चुकलंय का सर?"

"तसं नाही. तुला... तिथं कसं वाटलं?"

"म्हणजे कुठल्या सूत्रात सांगू, सर?"

एरवी तो हसला असता. "सूत्र राहू दे. तुला कसं वाटलं?"

तिनं वहीच्या कोपऱ्याशी चाळा केला. वीस-एकवीस वर्षांची पोर, डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं. मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "सर, एक गोष्ट मी लिहिली नाही. टॉवेल बंद केले ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी आजींनी माझा हात धरला. म्हणाल्या, माझं काय चुकलं? कुठली घडी वाकडी पडली?"

"मग?"

"मी म्हटलं, काही चुकलं नाही आजी, आता तुम्हाला सुट्टी. तर त्या रडायला लागल्या. मला रडणं कुठल्या रकान्यात घालायचं ते कळेना. म्हणून सोडून दिलं. खरं सांगू सर? मला वाटलं होतं, द्यावेत टॉवेल परत. दोनदा हातात घेऊन गेले होते दारापर्यंत. पण मग म्हटलं, आपल्याला वाटून काय उपयोग, आपण शिकलोय कशाला? आणि भावानं सही पण केली होती. त्यांना जास्त कळणार ना त्यांच्या बहिणीचं." मग एकदम मान वर करून, "मी चुकले का सर?"

खिडकीबाहेर मैदानावर पहिल्या वर्षाची मुलं चुन्यानं रेषा आखत होती. या प्रश्नाला एकच उत्तर होतं आणि ते जिभेच्या टोकावर होतं. त्या माझ्या ताई आहेत, त्रिसूत्री खोटी आहे, टॉवेल घेऊन दारापर्यंत गेलेली तू बरोबर होतीस, आणि दारातून परत फिरवणारा मी. एवढं म्हटलं असतं तर पोर रडली असती, कदाचित तोही. आणि त्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना दोन माणसं उरली असती. त्यानं तोंड उघडलं. "नाही," तो म्हणाला, "तू बरोबर लिहिलंयस. चांगला अहवाल आहे." आणि त्यानं पाहिलं, तिच्या चेहऱ्यावरून कसलीतरी रेघ पुसली गेली. खांदे सैल झाले. "थँक्यू सर. मला उगाच रुखरुख लागली होती," असं म्हणून ती हसली आणि गेली. ती रुखरुखच तेवढी खरी होती. पाच आठवडे त्या पोरीनं ती जिवंत ठेवली होती, आणि त्यानं ती आत्ता, दिवसाढवळ्या, दोन वाक्यांत मारली. पुढच्या वर्षी ती कुठल्यातरी आश्रमात नोकरीला लागेल. कुणीतरी म्हातारं तिचा हात धरून, माझं काय चुकलं, विचारेल आणि तिला काही होणार नाही.

चार वाजता तो वृद्धाश्रमाच्या फाटकाशी होता. कसा आला ते त्याला नीट सांगता आलं नसतं. जिन्यावर फिनेलचा वास होता. वरच्या मजल्यावर, जिला सगळे मावशी म्हणत ती कामवाली बाई टॉवेलांची पाटी कमरेवर घेऊन चालली होती. ती थांबली, त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"नऊ नंबरचे भाऊ ना तुम्ही? वाट चुकलात का?"

"कशी आहे ती?"

"बरी आहे की. कसला त्रास नाही आता. दिवसभर बसून असते." मावशीनं पाटी दुसऱ्या कमरेवर घेतली. "खरं सांगायचं तर आम्ही तिला टॉवेल द्यायचो ते काही काम उरकावं म्हणून नाही हो. तिनं घातलेल्या घड्या मी हळूच मोडायची अन् परत नेऊन द्यायची. दुप्पट काम व्हायचं मला. पण ती घडी घातली की वर हात फिरवायची अन् म्हणायची, चला, एक पेशंट झोपला. प्रत्येक टॉवेलाला. एक पेशंट झोपला. दिवसाला शंभर माणसं झोपवायची." तिनं खांदे उडवले. "मग तुमची सही आली."

त्यानं पाटीतला एक टॉवेल उचलला, मग आणखी दोन-चार. पाटीच्या तळाशी एक चादर होती, तीही त्यानं ओढून घेतली.

ताई खोलीत नव्हती. ती दिवाणखान्यात होती, अर्धवर्तुळात मांडलेल्या खुर्च्यांपैकी एकीवर, हात मांडीवर उपडे ठेवून. खुर्च्यांमधलं अंतर दीड हात होतं, त्याच्या पुस्तकात आहे तितकंच. ती वाळली होती. तिचे केस कुणीतरी आखूड कापले होते आणि त्यामुळे ती एकाएकी लहान मुलासारखी दिसत होती, शाळेत पहिल्या दिवशी बसवून ठेवलेल्या. तो तिच्यापुढे गुडघ्यावर बसला, टॉवेल तिच्या मांडीवर ठेवले.

"ताई, बघ काय आणलंय."

तिनं टॉवेलांकडे पाहिलं आणि हात उचलून छातीशी घेतले, भाजल्यासारखे. "नको," ती म्हणाली. "नाही करायचं. सांगितलंय."

"मीच सांगितलं होतं. आता मीच म्हणतोय, कर."

"नाही हो. मी नाही करत आता. विचारा त्यांना." तिनं आजूबाजूला पाहिलं, कुणी ऐकतंय का ते. मग आर्जवानं, "मी खेळते. रोज खेळते. तसं लिहा."

तिला वाटत होतं की आपली परीक्षा घ्यायला कुणी आलंय. त्यानं टॉवेल बाजूला केले आणि चादर उलगडली. आणि उलगडता उलगडता, दोन टोकं हातात आली तशी, त्याला ती खोली आठवली, आई गेल्यानंतरची, त्या दोघांचीच. तो सहा वर्षांचा, ती सतरा. तेव्हा ती धुलाईखान्यात नवी लागली होती आणि उरलेलं काम घरी आणायची. तो एकटा एकटा कंटाळून भुणभुण करायचा. मग ती चादरीची दोन टोकं त्याच्या हातात द्यायची, दोन स्वतः घ्यायची, दोघं खोलीच्या दोन भिंतींना पाठ लावून उभी राहायची. ताणायचं, झटकायचं, आणि मग एकमेकांकडे चालत यायचं, टोकाला टोक लागेपर्यंत. टोकं जुळली की ती आपलं नाक त्याच्या नाकावर टेकवायची. मग पुन्हा मागे. चादर निम्मी होत जायची, अंतर निम्मं होत जायचं, आणि शेवटी तो हसून हसून तिच्या पोटात शिरायचा. त्याच्या आयुष्यात खेळ म्हणून काही झालं असेल तर ते तेवढंच. त्यातून वस्तू निपजत होती. ते थांबलं असतं तर दुसऱ्या दिवशी खायला मिळालं नसतं. सत्तावीस वर्षं त्यानं शेकडो मुलांना फळ्यावर लिहून दिलं की तो खेळ नव्हता.

"ताई, धर," तो म्हणाला. "तू तिकडं, मी इकडं. धर ना."

त्यानं चादरीची दोन टोकं तिच्या बोटांत दिली. तिनं ती धरली, कारण दिलेली वस्तू धरायची हे आता तिला शिकवलेलं होतं. तो मागे सरकला, चादर ताणली गेली. क्षणभर तिचा अंगठा कडेवरून, शिवणीवरून फिरला, नेमकं टोक शोधत असल्यासारखा. मग अंगठा थांबला. तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं, पुढे काय करायचं ते कळावं म्हणून, आणि त्याच्या तोंडावर तिला काय दिसलं कोण जाणे, ती घाबरली. बोटं सैल झाली. चादर फरशीवर पडली. तो एकटाच आपली दोन टोकं हातात धरून उभा राहिला.

एवढ्यात साडेचार वाजले आणि उपक्रमाची वेळ झाली. हसऱ्या चेहऱ्याचा एक तरुण शिकाऊ आला, दुसऱ्या कुठल्यातरी कॉलेजचा, त्यानं चादर उचलून बाजूला ठेवली आणि म्हणाला, "पाहुणे, तुम्हीही बसा ना. नातेवाईक असले की सहभाग वाढतो." तो ताईशेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसला. फुगा निघाला, निळा, मोठा. एका म्हाताऱ्यानं तो टाकला, दुसऱ्यानं धरला. कुणी हसत नव्हतं, कुणी रडत नव्हतं. फुगा ताईकडे आला. तिनं तो दोन्ही हातांत घेतला, वळून त्याच्याकडे पाहिलं, आणि हलक्या हातानं, सांडेल की काय अशा बेतानं, त्याच्याकडे टाकला. त्यानं तो धरला. तिनं टाळ्या वाजवल्या, तीन, मोजून, आणि शिकाऊकडे पाहिलं. "उत्तम!" शिकाऊ म्हणाला आणि त्यानं कागदावर खूण केली.

वीस मिनिटांनी फुगा कपाटात गेला. शिकाऊ निघून गेला, एकेका म्हाताऱ्याला खोलीकडे नेऊ लागले. ताई जागची हलली नाही. तिच्या बाजूच्या खुर्च्या एकामागून एक रिकाम्या होत गेल्या. मग ती त्याच्याकडे झुकली आणि खालच्या, अदबीच्या आवाजात तिनं विचारलं, "झालं का, सर? जाऊ मी?"

तिला कुणीतरी तसं म्हणायला शिकवलं होतं. इथं येणाऱ्या सगळ्यांना ती सर म्हणत असणार.

"हो," तो म्हणाला. "झालं."

ती उठली. दोन पावलं दाराकडे गेली, थांबली. जायचं कुठं, ते तिला आठवेना. तिनं एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे, मग हात मांडीशी जुळवून तिथंच भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, कुणीतरी सांगेपर्यंत. आणि सांगायला त्या दिवाणखान्यात त्याच्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं.